डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट झालाय, आता अपील होतं का?

कोरेगावची_लेक:
नमस्कार. बाबा २०१९ ला लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झाले. जाताना मेडिकल बोर्डाने बीपीमुळे ३० टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी असं लिहिलं पण खाली शेरा मारला की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही, कारण काय तर सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर झाली. क्लेम नामंजूरचं पत्र आलं ते बाबांनी ट्रंकेत ठेवून दिलं. भरती झाले तेव्हा एकदम ठणठणीत होते, सियाचीन करून आलेत. एवढ्या वर्षांनी अपील होतं का? बाबा म्हणतात जाऊ दे, मला नाही जाऊ द्यायचं.

माजी_सुभेदार:
ताई अजिबात सोडू नका, हा त्यांचा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल वाचा. भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा फिट होता असंच धरायचं, आणि आजार नोकरीशी संबंधित आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही. बोर्डाने नुसतं 'नाही' लिहून चालत नाही, कारण द्यावं लागतं. म्हणून आधी बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग आणि भरतीचा मेडिकल फॉर्म हातात घ्या, नसतील तर रेकॉर्ड ऑफिसला (जवानांचे सर्व्हिसचे कागद तिथे असतात) आरटीआय टाका. हे कागद न बघता अपील लिहू नका, भावनिक पत्रं खूप जातात आणि तशीच परत येतात.

निवृत्त_क्लार्क:
पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं, मुदत नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिने. ती गेलीय, तरी उशीर का झाला ते स्पष्ट लिहून अपील द्या आणि पोच जपून ठेवा. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यातल्या लोकांच्या केसेसचं कोर्ट, आपल्याला मुंबई बेंच. अपील देऊन सहा महिने उत्तरच आलं नाही तरी ट्रिब्युनलला जाता येतं, नुसती वाट बघत बसू नका. आणि कुणी डिसॅबिलिटी पेन्शनचे २०२३ चे नवीन नियम दाखवले तर सांगा की ते त्या वर्षी २१ सप्टेंबरपासूनचे आहेत, बाबा आधीच रिटायर झालेत.

कोरेगावची_लेक:
खूप आभार दोघांचे. उशिरामुळे मागचे पैसे बुडतील का?

माजी_सुभेदार:
थोडे बुडू शकतात ताई. पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्यामुळे नुसत्या उशिरावर केस सहसा मरत नाही, पण सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी बऱ्याचदा केस दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळत आलीय, म्हणजे थांबाल तर नुकसान होऊ शकतं. दुसरं म्हणजे ३० टक्के अपंगत्व राउंड करून ५० टक्के धरा आणि तशी पेन्शन मागा. २०१४ च्या राम अवतार निकालानंतर नोकरी पूर्ण करून रिटायर झालेल्यांनाही ते मिळतं. ५० टक्के म्हणजे शेवटच्या पगाराच्या १५ टक्के, तेही सर्व्हिस पेन्शनच्या वर.

निवृत्त_क्लार्क:
एक राहिलं. बोर्डाच्या कागदात वजन जास्त किंवा तंबाखू असं काही लिहिलंय का ते नीट बघा. असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, समोरची बाजू तेच आधी काढते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या, अर्ज लिहायला मदत करतात. बाबांना घेऊनच जा, पोस्टिंगच्या तारखा त्यांनाच पाठ असतील.