तुतीच्या पानाखाली काळे दाणे: किडीची अंडी की भुरी?

प्रश्न:
तुतीच्या जून पानांच्या खालच्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसतंय. वरून पान नुसतं जागोजागी पिवळट. पंधरा दिवसांपूर्वी पीठच होतं, आता त्यात पिवळे, तपकिरी, काळे बारीक दाणे आलेत. ही कोळी किडीची अंडी तर नव्हेत? पाला रेशीम अळ्यांना घालायचाय, म्हणून जीव टांगणीला लागलाय. गुलाबावरची भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, मी पाहिलीय, ती पानाच्या वरही असते. ही फक्त खालीच कशी?

उत्तर:
आधी भिंगातून बघा. अंडी असतील तर गुळगुळीत दिसतील.

प्रश्नकर्ता:
बघितलं. काळ्या दाण्याभोवती काचेसारखे सरळ काटे आहेत, चाकाच्या आऱ्यांसारखे. प्रत्येक काटा बुडाशी कांद्यासारखा फुगीर.

उत्तर:
मग ही भुरीच, आणि तीही फायलॅक्टिनिया. बुडाशी फुगलेला काटा हीच तिची ओळख. १८५१ मध्ये फ्रेंच बुरशीतज्ज्ञ लेव्हेय्ये यांनी ही प्रजाती वेगळी काढली. तुती, हेझल, अ‍ॅश अशा झाडांवर ती येते.

खालीच का, याचं कारण तुमच्या पानातच आहे. बहुतेक भुरी पानावर पसरतात आणि फक्त वरच्या थरातल्या पेशींतून अन्न शोषतात. फायलॅक्टिनियाचे तंतू मात्र पर्णरंध्रांतून थेट आत शिरतात, आणि तुतीची रंध्रं पानाखालीच असतात. म्हणून वरवर पुसून किंवा पाण्याने धुऊन ती जात नाही.

दाणे म्हणजे बुरशीची फळं, आत बीजाणूंच्या पिशव्या. फळ पिकलं की काटे बुडाशी वाकतात आणि त्याला पानावरून उचलतात. मग ते सुटतं. डोक्यावर चिकट द्रव असतो, त्यामुळे जिथे पडेल तिथे उलटं चिकटतं. मला या बुरशीतलं हे सर्वांत विलक्षण वाटतं.

भुरीची पानं अळ्यांना घालू नका, त्यांचं पोषण घटलेलं असतं. ती तोडून जाळा, खाली पडलेलीही. दाट फांद्या विरळ करा. हिला पान ओलं लागत नाही, दमट हवा आणि सावली पुरते. गंधक फवारलंत तर मधे पुरेसे दिवस जाऊ द्या, त्याशिवाय अळ्यांना पाला घालू नका.

प्रश्नकर्ता:
खालची सगळी पानं काढली. तोडताना एका फांदीच्या सालीवर भिंग धरलं, तर तिथे एक काळा दाणा उलटा चिकटलेला होता, काटे आकाशाकडे. आता फांद्याही तपासतोय.