हळुवार हाताला दया म्हणायचं का? म्हशीच्या धारेवरून

गोठा_चिकोडी
सौम्यपणा हा स्वभावच असावा लागतो, शिकवता येत नाही, असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मला पटत नाही. गोठ्यात तो शिकवता येतो, आणि चुकला तर त्याच वेळी किटलीत दिसतो. म्हशीच्या सडांवरच्या पोकळीत जेमतेम 5 टक्के दूध असतं, बाकीचं कासेतल्या बारीक पिशव्यांत. पान्हा आल्याशिवाय ते उतरत नाही. पान्हा आणतं ऑक्सिटोसिन. म्हैस दचकली किंवा मार बसला की ॲड्रिनलिन त्याला अडवतं. शेपटी पिरगळणारा स्वतःचंच दूध अडवतो.

थेट मागून जायचं नाही, तिथलं तिला दिसत नाही. बाजूनं, आवाज देत जायचं, आधी पाठीवर हात, मग कास. कोमट पाण्यानं धुऊन, पुसून हलकी चोळायची. म्हैस गाईपेक्षा उशिरा पान्हवते, 2-3 मिनिटं थांबावंच लागतं. पान्हवली की 5-7 मिनिटांत धार उरकायची, कारण त्यानंतर पान्हा ओसरतो. आणि पूर्ण मूठ वापरा. अंगठा दुमडून त्याच्या हाडावर सड दाबला की आतलं अस्तर दुखावतं, दगडीला (कासेच्या सुजेच्या रोगाला) वाट मिळते. तापट माणसालाही हे सगळं जमतं. मग स्वभाव कुठं आला?

अथणीचं_ऊन
पद्धत बरोबर. पण तिला सौम्यपणा का म्हणायचं? शेवटच्या धारांत फॅट सर्वांत जास्त, डेअरीचा दर फॅटवर, म्हणून हात हळू. ही वसुली झाली. परत काही मिळणार नसतं तिथं दया कळते. रेडकू नर निघालं की चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, कोण मोजून पाजतं? 30 किलोच्या रेडकाला पहिल्या दिवशी साधारण 3 लिटर लागतो, त्यातला पहिला तास-दोन तासांत. 24 तास उलटले की चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाहीत. रेडीला हे सगळं मिळतं, रेडा जगला तर जगला. मेला की म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं उभा करायचा. ती फसवणूकच, हात कितीका मऊ असेना.

निपाणी_वैरण
पेंढ्याच्या रेडकावर एवढा राग कशाला काढालायसा? ते नसलं तर म्हैस पान्हा चोरते, दूध कासेत साचतं, ती आटते नाहीतर दगडी होते. मग धनी ऑक्सिटोसिनची सुई शोधतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 12 बघा: दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपाय करणारं काहीही टोचलं की 1,000 रुपयांपर्यंत दंड, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर जनावर सरकारजमा. त्यापेक्षा पेंढा बरा. त्याहून बरी आंबोणाची (धारेवेळच्या भिजवलेल्या खुराकाची) सवय: तीच वेळ, तीच जागा, तोच माणूस, रेडकू लावायचंच नाही.

आणि सौम्यपणाच्या नावाखाली लाड नकोत. लाथ मारते म्हणून धार अर्ध्यात सोडणारा स्वतःला दयाळू समजतो, साचलेलं दूध मात्र तिला छळतं. आधी सड बघा: चीर, फोड, गोचीड. पहिली धार काळ्या फडक्यावर काढा, गुठळी दिसली तर दुखणं आहे, डॉक्टर बोलवा. दुखणं नसेल आणि पहिलारू असेल तर मागचे पाय ढोपराच्या वर आठाच्या आकड्यात सैलसर बांधा. आवळलं तर सूज येते आणि दोरी बघूनच ती बिथरते.

खानापूर_पायवाट
दया मनात आहे की नाही हे म्हशीला कळत नाही, तिला हात कळतो. त्यामुळं मी चिकोडीकरांच्या बाजूनं.

एक राहिलं. आपल्याकडं बाजारातून आणलेली म्हैस पुष्कळदा कन्नड घरातली असते. व्यवहार होतानाच विचारून घ्यावं: धारेला कुठल्या बाजूला बसत होता, हाक काय मारत होता, पेंड कुठली. पहिले काही दिवस तसंच चालवावं, नाहीतर अंगावर येईल. (म्हशीसाठी एवढं कन्नड शिकणारे गोठ्यातल्या कन्नड गड्यावर खेकसतात, त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.)

अथणीचं_ऊन
म्हशीला कळत नाही, मान्य. पण मे महिन्यात इकडं येऊन बघा. कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी. दुभतीवर दिवसातून दोनदा पाणी मारतात आणि आटलेली पत्र्याखाली धापा टाकते. माणूस तोच, हातही तोच. तुमची पद्धत दुधाबरोबर आटते, हे माझं म्हणणं.

गोठा_चिकोडी
आटलेलीकडं दुर्लक्ष करणारा हिशेबातही कच्चा. गाभण असेल तर शेवटच्या दोन महिन्यांतच पोटातलं रेडकू सर्वांत वेगानं वाढतं आणि कास पुढच्या वेताला तयार होते. पाणी आणि सावली तिला आधी.

रेड्याचं मात्र माझ्या हिशेबात बसत नाही, तिथं तुमचा मुद्दा उभा राहतो. एवढंच म्हणेन, सुरुवातीचा चीक डेअरी घेतच नाही. तो रेड्याला पाजला तर तोटा झालाच तर एका खरवसाचा.

अथणीचं_ऊन
मग हे वर पहिल्या पोस्टमध्ये घाला की. पान्ह्याच्या आधी.