एक्सचं माप सरकतंय? आधी कपलिंग बघा

सीएनसी मशीनचा सर्वो ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) बदलूनही एक्स अक्षाचं माप दर जॉबमागे थोडंथोडं सरकतंय, अलार्म मात्र एकही नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला हा अलार्म नसणंच महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच मशीनांत एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) मोटरच्या मागच्या टोकाला असतो. मोटर आणि बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) यांना जोडणारं कपलिंग घसरलं तरी मोटर आपल्या जागी बरोबर पोचते. कंट्रोलर खूश, टेबल भलतीकडेच.

मशीन बंद करून कपलिंगचा हब (शाफ्टला पकडणारा भाग) आणि शाफ्ट यांवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा. मग स्पिंडलला डायल (बारीक हालचाल दाखवणारं मापयंत्र) बसवून टोक टेबलवरच्या ठोकळ्याला टेकवा आणि शून्य करा. टेबल रॅपिडने (पूर्ण वेगाने) वीसेक वेळा पुढेमागे पळवून त्याच बाजूने त्याच आकड्यावर परत आणा. डायल एकाच दिशेने सरकत गेला आणि रेघही तुटली, तर चोर सापडला. पण क्लॅम्पचे स्क्रू नुसते आवळू नका. हब काढून शाफ्टवरचं तेल नीट पुसा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. (मी केलंय. दोनदा.)

रेघ शाबूत आहे, पण दिशा बदलतानाच माप चुकतंय, तर बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई). सुरुवातीच्या तासाभरात सरकून मग स्थिरावत असेल तर स्क्रू तापतोय. १ मीटरचा पोलादी स्क्रू ५ अंश सेल्सिअसने तापला की साधारण ०.०६ मिमी वाढतो.

पॅरामीटरमधली बॅकलॅश भरपाई वाढवायचा सल्ला तुम्हाला मिळालाय, तो आत्ता नको. घसरणाऱ्या कपलिंगला त्याचा काडीचा उपयोग नाही.