ग्रीन सर्टिफिकेटची लो-एमिशन फ्लोअरिंगची अट: पुरेशी की अर्धवट?

मीटरपट्टी:
लीड ४.१ (इमारतींना मिळणाऱ्या 'लीड' या ग्रीन सर्टिफिकेटची ४.१ आवृत्ती) मध्ये फ्लोअरिंगला पॉइंट हवे असतील तर खर्चाने किंवा क्षेत्रफळाने किमान ९०% माल एमिशन टेस्ट (मालातून हवेत किती गॅस सुटतो त्याची तपासणी) पास झालेला लागतो. अट चांगलीच आहे, पण माझ्या मते अर्धवट आहे. टेस्ट होते ती कारखान्यातून आलेल्या तुकड्याची, १० दिवस बाजूला ठेवून मग ९६ तास चेंबरमध्ये, तेही २३ डिग्री आणि ५०% आर्द्रतेला. खरी खोली बंद असते, दुपारी तापते, पावसाळ्यात दमट होते, आणि लॅमिनेटच्या गाभ्यातलं युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन ऊब आणि ओल मिळाली की जास्त गॅस सोडतं. मग त्या पास शिक्क्यावर किती विसंबायचं?

कोरी भिंत:
नाही पटलं. सगळ्यांना एकच तापमान लावलं नाही तर दोन कंपन्यांच्या मालाची तुलना कशी करणार? चेंबर ही फूटपट्टी आहे, तुमच्या खोलीची हुबेहूब नक्कल नाही. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच माणसात कॅन्सर करणारा पदार्थ ठरवलंय, आणि कॅलिफोर्नियाची जी टेस्ट लीड मानतं तिच्यात त्याची मर्यादा घनमीटरला ९ मायक्रोग्रॅम आहे. ही अट नसती तर ब्रोशरवर 'इको-फ्रेंडली' छापलं की काम झालं असतं. निदान आता रिपोर्ट मागता येतो!

खिडकी उघडा:
तुम्ही दोघं फळीवरच भांडताय, गोंदाचं काय? फ्लोअरिंग वेगळी कॅटेगरी, अ‍ॅडेसिव्ह-सीलंट वेगळी, आणि किती कॅटेगरीत पास व्हायचं ते प्रोजेक्ट ठरवतो. म्हणजे सर्टिफाइड व्हिनाइल घ्यायचं, त्याचे पॉइंट घ्यायचे आणि खाली वासाचा सॉल्व्हंटवाला गोंद फासायचा, हे नियमात बसू शकतं. आणखी एक, डब्यावरचं 'झीरो व्हीओसी' (व्हीओसी म्हणजे हवेत उडून जाणारी कार्बनी रसायनं) म्हणजे आत किती भरलंय ते, हवेत किती जातं ते नाही, या दोन गोष्टी लोक सर्रास एकच समजतात. दगड, सिरॅमिक, काँक्रीट यांना टेस्टच लागत नाही कारण ते मुळातच काही सोडत नाहीत, पण त्यावर कारखान्यात सेंद्रिय (म्हणजे रेझिनसारखं कार्बनी रसायनांचं) कोटिंग दिलं की ती सूट राहत नाही, हेही कोणी सांगत नाही.

कोरी भिंत:
गोंदाचा मुद्दा मान्य. पण म्हणून अटच पोकळ म्हणणं बरोबर नाही, कारण अशा अटी असल्या की कमी एमिशनच्या गोंदाला मागणी तरी येते.

मीटरपट्टी:
अट काढा असं मी म्हणतच नाहीये. माझी मागणी एवढीच की फळी, खालचा थर आणि गोंद हे एकत्र चिकटवून, जसं साइटवर बसतं तसंच टेस्ट करा. आणि ताबा देण्याआधीचा फ्लश-आउट, म्हणजे दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा आत सोडणं, हा लीड ४.१ मध्ये ऐच्छिक पर्याय आहे. बांधकाम लांबलं की आधी तोच कापला जातो आणि लोक ओल्या गोंदाच्या वासात राहायला येतात. तो तरी सक्तीचा करा.

खिडकी उघडा:
याला माझा पाठिंबा. फ्लश-आउटचे दिवस टेंडरमध्येच लिहा, नाहीतर ठेकेदार शेवटच्या आठवड्यात देणार नाही.