मालवणात ६० हजारांत तयार गेमिंग पीसी: या तिघांतला कुठला?

दर्यावर्दी (मालवण)
धाकट्या भावासाठी तयार जोडलेला गेमिंग पीसी घ्यायचाय. ६० हजारांच्या वर जायचं नाही. मॉनिटर (१०८०पी, १४४ हर्ट्झ), कीबोर्ड, माउस घरात आहेत. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि सुट्टीत एखादा मोठा गेम, एवढाच वापर. तीन भाव मिळालेत:

१) आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, '४ जीबी ग्राफिक्स': ३२ हजार
२) आय-फाइव्ह १२४००एफ, आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी: ५७ हजार
३) रायझन ५ ५६००, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी): ५९ हजार. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) '४५० वॉट', कंपनीचं नाव नाही.

तिसरा कोल्हापूरहून कुरियरने येईल. घर समुद्राला लागून, पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. घरी पार्ट जोडणारं कोणी नाही, त्यामुळे 'स्वतः असेंबल करा' हा सल्ला नको.

पाणंद (वेंगुर्ला)
पयलो सोडूनच दी. आय-सेव्हन म्हणान सांगतत, पण खयची जनरेशन ता सांगणत नाय. ३२ हजारात बहुतेक २६०० नायतर ३७७० (दुसरी-तिसरी जनरेशन) आसतलो, आणि '४ जीबी ग्राफिक्स' म्हणजे जीटी ७३०, जुना कमजोर कार्ड. रंगीत पंखे लावले म्हणान जुना मशीन नवा होणा नाय. विंडोज ११ आठव्या जनरेशनच्या खालच्या इंटेलवर अधिकृतपणे चलणा नाय, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटाक टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डावरच्यो सुरक्षेच्यो सोयी) दोन्ही लागतत.

जांभा (रत्नागिरी)
खरी निवड दोन आणि तीनमध्ये. प्रोसेसर दोन्हीकडे सहा कोअरचे, तिथे फारसा फरक नाही. फरक कार्डात आहे. ३०५० च्या ६ जीबीवाल्या कार्डात ८ जीबीवाल्यापेक्षा नुसती मेमरीच कमी नाही: कोअरही कमी, आणि मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिट. ते ७० वॉटवर चालतं हाच त्याचा गुण. गेममध्ये आरएक्स ६६०० त्याच्या स्पष्ट पुढे आहे. रे ट्रेसिंगसाठी (गेममध्ये खऱ्यासारखा प्रकाश-सावल्या) ६६०० घेऊ नका, पण या बजेटात तो शौक तसाही परवडत नाही.

दुसऱ्यात ८ जीबी रॅम म्हणजे बहुधा एकच स्टिक. मेमरी सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वाटेने चालते आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये खेळ मध्येच अडखळतो. तिसऱ्याच्या दुकानदाराला विचारा: १६ ची एक स्टिक की ८ च्या दोन? दोनच हव्यात.

आता एसएमपीएस. तिसऱ्यात गोम इथेच आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं असतं, ते वाचू नका. लेबलवरच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टखाली किती अँपिअर ते बघा. तिथे १६ असेल तर १२ × १६ = १९२ वॉट, झालं. कार्ड एकटं १३२ वॉट खातं, प्रोसेसर भरात ७६ पर्यंत जातो, बेरीज २०८. पंखे, एसएसडी वेगळेच. मग गेम ऐन रंगात असताना पीसी धाडकन बंद पडतो आणि लोक विंडोज परत टाकत बसतात. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३५ च्या आसपास आकडा दिसतो. लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

त्याच फोटोत दुसरी गोष्ट: ६६०० ला ८ पिनची वायर लागते. ती एसएमपीएसमधूनच निघालेली हवी. मोलेक्सला (जुन्या ४ पिनच्या वायरीला) जोडणी लावून ८ पिन केली असेल तर नको. ते जोड तापतात, प्लास्टिक वितळतं.

दर्यावर्दी
विचारलं. रॅम ८ च्या दोन आहेत. एसएमपीएसवर १२ व्होल्टला १७ अँपिअर! नामांकित कंपनीचा ब्राँझवाला (वीज कमी वाया घालवणारा) घातला तर २२०० जास्त म्हणतोय. म्हणजे ६१,२००.

जांभा
घ्याच. काच आणि रंगीत पंख्यांचा कॅबिनेट काढून पुढून जाळीचा साधा कॅबिनेट सांगा, वरचे १२०० तिथे निघतील. विंडोज 'फुकट टाकून देतो' म्हणत असेल तर ते चोरीचं समजा. रॅम मात्र कमी करू नका. बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्या. नुसतं 'गेमिंग पीसी १ नग' असेल तर कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असूनही तुमच्या हातात दुकानाचं एक वर्षच राहतं.

खाजण (देवगड)
किनाऱ्यावरच्या घरात पीसीइतकंच लाईटकडे बघायला हवं.

आधी अर्थिंग. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने सॉकेट तपासा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थ नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे बॉडीवर निम्मा व्होल्टेज बसतो, पीसी बिघडलेला नसतो. आपल्या जांभ्या दगडाच्या भागात एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते आणि चांगलं अर्थिंगही नावापुरतं उरतं, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतत राहा. अर्थ नसेल तर स्पाइक गार्डही अर्धाच कामाचा.

यूपीएस ६०० व्हीएचा घेऊ नका, तो साधारण ३६० वॉटचा. पीसी आणि मॉनिटर मिळून गेममध्ये २५० च्या आसपास जातात; नवा असताना ओढेल, बॅटरी जुनी झाली की लाईट जाताक्षणी बसेल. १००० व्हीए घ्या. त्यावर तासभर खेळता येणार नाही, सेव्ह करून बंद करायला वेळ मिळेल. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह हवा आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर. 'इको'वर बदलायला वेळ लागतो, पीसी रीस्टार्ट होतो.

विजा जवळ यायच्या आधीच प्लग काढा, लॅन केबलही काढा. फायबर काचेचं असलं तरी राउटरपासून पीसीपर्यंतची तार तांब्याची.

खाऱ्या हवेसाठी जादू काही नाही. खिडकीखाली ठेवू नका, जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून सुटा ठेवा. प्लास्टिकचं कव्हर तर अजिबात नको, आत दमटपणा कोंडतो. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवा. मागच्या मोकळ्या स्लॉटच्या पट्ट्या काढलेल्या राहू देऊ नका, पाली तिथूनच शिरतात.

पाणंद
कुरियरचा खोको उघडतानाचो व्हिडिओ काढ, चारय बाजू दाखव. चालू करूच्या आधी बाजूचो पत्रो उघडून आतलो फोम काढ, पंख्याक लागता. कार्ड स्लॉटात घट्ट बसला हा काय बघ, घाटातल्या हादऱ्यांनी हलता.

जांभा
आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, तिथे लावली तर स्क्रीन काळीच राहील. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारा पर्याय, चालू करा (काही बोर्डांवर डीओसीपी लिहिलेलं असतं), नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रेंगाळते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर आकडा दिसतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १४४ हर्ट्झही हातानेच करावे लागतात.