मालकिणी वेगळ्या असल्या म्हणून काय झालं?

काहीजण विचारतात, मोलकरणी, आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताई यांचे मालकच वेगळे, मग एकत्र येऊन भांडणार कुणाशी? शंका रास्त आहे. कोल्हापुरात ताराबाई पार्कात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना चार मालकिणी. एकीकडं पगार वाढवून मागितला की ती सरळ दुसरी बाई बघते.

पण १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हाही मालकिणी वेगवेगळ्याच होत्या की! त्याच सुमारास त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. तो फक्त कल्याणाचा. आठवड्याची सुट्टी अजून मालकिणीच्या मर्जीवरच. अंगणवाडीताईंचं थोडं पुढं सरकलंय, ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा) हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मान्य केला. आशा मात्र सरकारी कागदावर आजही स्वयंसेविकाच.

एकत्र येण्यातली खरी अडचण मला वेगळी वाटते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. (तेही घरकाम करणाऱ्या पुरुषांची बरं का, बाकीचे यात धरलेलेच नाहीत.) मग बिंदू चौकात संध्याकाळी सातला सभा ठेवली तर घरात भाकरी कोण थापणार? कार्यकर्त्यांनी बैठक दुपारी, गल्लीतच घ्यावी, आणि पोरं सांभाळायला दोन बाप्ये बसवावेत.