यकृतपेशीत कॅल्शियम शिरतं ते कुणाच्या सांगण्यावरून?

निमशिक्षक:
बारावीच्या मुलांच्या वह्यांत एक वाक्य कायम खटकतं: 'व्हेसोप्रेसिन आलं की यकृतपेशीत कॅल्शियम शिरतं.' साफ चूक. व्हेसोप्रेसिन हे संप्रेरक पेशीबाहेरच थांबतं. आत फॉस्फोलायपेज सी हे विकर (एन्झाइम) जागं होतं, आयपी३ हा निरोप्या रेणू बनतो आणि कॅल्शियम सुटतं ते आतल्याच कोठारातून, एंडोप्लाझमिक रेटिक्युलममधून. बाहेरचं येतं ते फक्त भरपाईला. माझं मत, त्याचा उल्लेखच नको.

भोचक भवानी:
उल्लेखच नको? पेशी ठेवलेल्या भांड्यातलं, म्हणजे पेशीबाहेरचं, कॅल्शियम काढा आणि मग व्हेसोप्रेसिन द्या. सुरुवातीला लाटा येतात, मग हळूहळू सगळं थंड. हो, लाटाच! १९८६ मध्ये वुड्स, कथबर्टसन आणि कॉबोल्ड यांनी एकेका यकृतपेशीत एक्वोरिन (जेलीफिशचं चमकणारं प्रथिन) टोचून पाहिलं. कॅल्शियम एकदा चढून बसत नाही, पुन्हा पुन्हा उसळतं. संप्रेरक वाढवलं तर लाट उंच होत नाही, लवकर लवकर येते. आणि दर लाटेला थोडं कॅल्शियम पेशीबाहेर फेकलं जातं. ते कुठून आणणार?

निमशिक्षक:
म्हणजे भरपाईच की! गच्चीवरच्या टाकीत पाणी उतरलं, चेंडू खाली आला, नळ सुटला.

काचेची नळी:
दाखला छान आहे, पुटनी या संशोधकांनी १९८६ मध्ये साधारण हेच सुचवलं होतं. चेंडू सापडला २००५ मध्ये, कोठारातली पातळी ओळखणारं प्रथिन स्टिम१. नळ पुढच्या वर्षी, पेशीपटलातलं प्रथिन ओराय१. थॅप्सिगार्गिन या रसायनाने कोठार भरणारा पंप बंद पाडला, तर संप्रेरकाचा थेंबही नसताना बाहेरचं कॅल्शियम आत येतं. नळाला संप्रेरकाशी देणंघेणं नाही, टाकी रिकामी झाल्याशी आहे. इथे सर बरोबर.

भोचक भवानी:
टाकीत पाणी थेट पडतं हो. इथे ते आधी पेशीद्रवात येतं आणि मग कोठारात ओढलं जातं. बाहेर साधारण १ मिलिमोलर, पेशीद्रवात १०० नॅनोमोलर, म्हणजे दहा हजार पट फरक. असा नळ सुटल्यावर त्याला नुसती भरपाई म्हणायचं? लाटा थांबल्या तर फॉस्फोरायलेज कायनेज या विकराला मिळणारा इशाराही थांबतो, ग्लायकोजेन (यकृतातली साठवलेली साखर) फोडायचं काम मंदावतं.

निमशिक्षक:
बरं, 'उल्लेखच नको' मागे घेतो. पण नुसतं 'शिरतं' लिहिणाऱ्याला अर्धाच गुण.

भोचक भवानी:
चालेल. बाहेर कॅल्शियम नसतानाही पहिली लाट का येते, हे लिहील त्याला पूर्ण द्या.